धर म्हटलं की धरायचं

लातूर, ता. ७ जून १९९९

चि. चांदपाशा यास,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद वि. वि. इकडं ठीक आहे. क्लासला पोरं यायला लागली आणि माझी खानावळ भरली. कुणाला भाकरी चावत नाही, कुणाला पोळीनं झोप येते. सगळ्यांना डॉक्टरच व्हायचंय. आजारी कोण पडणार, देव जाणे.

पत्राचं कारण वेगळं. आपला दयानंद. क्लासात फिजिक्स शिकवतो, चौकाचौकात त्याचा फोटो लागलाय, मला मात्र त्याचा घोर. पुण्याहून त्यानं जुनी लाल गाडी आणली. दोनच माणसं बसतात, तीही पाटावर बसल्यासारखी. भूकंपापासून मी उशाशी फुलपात्रावर फुलपात्र ठेवून निजते, म्हणजे जमीन हलली की जाग येते, हे तुला ठाऊक हाय. आता पोराच्या गाडीनंच ती पडतात.

ती गाडी ब्रेकसाठी तुझ्या गॅरेजात टाकलीय म्हणे. विचारलं तर म्हणाला, आई, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून चांगले ब्रेक बसवतोय. हा गोड बोलला की मी लाडवाचा डबा उघडून बघते. अरे, ज्याला सावकाश जायचंय त्याला एवढे ब्रेक कशाला? मधूनच एखाद्या शुक्रवारी गायब होतो, मंगळवारी उगवतो, अंगाला जळका वास. पोरगी असती तर अत्तराचा आला असता. तू गाडीचं पोट उघडून बघितलंयस. खरं ते लिही.

लोभ आहे तसा असू दे, पण आधी उत्तर दे.
तुझी आक्का, लक्ष्मीबाई


नांदेड, ता. १४ जून १९९९

ती. आक्का यांना,
चांदपाशाचा सलाम, सा. न. वि. वि. तुमच्या तेलानं आबेदाचे गुडघे बरे आहेत. आता नमाजाला उठते आणि माझ्यावर ओरडायलाही.

आक्का, तुमचं नाक खरं बोललं. चाकाआतल्या जुन्या डिस्क, म्हणजे लोखंडी तबकड्या, काढल्या तर कडेनं निळ्या पडलेल्या. एकदोनदा ब्रेक मारून लोखंड असं निळं होत नाही. मोठ्या वेगातून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की होतं. मी दयानंदला समोर बसवून चहा दिला आणि सांगितलं की आक्का विचारून राहिल्यात, मी खोटं लिहिणार नाही. मग बोलला. मद्रासजवळ शर्यतीचा रस्ता आहे, कुंपणातला. तिथं ना बस, ना म्हैस. मागच्या खेपेला ब्रेकचं तेल उकळलं, पॅडल पार तळाला गेलं, गाडी बाजूच्या मातीत जाऊन थांबली. लागलं नाही, खुदाचा शुक्र.

म्हणून मी जाड डिस्क बसवतोय, मधून हवा खेळणाऱ्या, आणि लवकर न उकळणारं तेल. डिस्क आवळणाऱ्या पॅडचे जोड दोन. शर्यतीचे पॅड गार असले तर धरतच नाहीत, तापले की मगरीसारखे धरतात. ते घालून सकाळी क्लासपुढच्या सायकलींत शिरला तर अनर्थ. म्हणून गावात रस्त्याचा जोड, तिकडं तिकडचा. बदलायला शिकवलंय.

का जातोस, तेही विचारलं. म्हणाला, घर पडलं त्या पहाटे सगळं हललं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. तिथं निदान थांबवणं माझ्या पायात असतं. माझा चहा तसाच राहिला, आक्का.

रागवा, पण लोभ ठेवून रागवा.
तुमचा चांदपाशा


लातूर, ता. १९ जून १९९९

चि. चांदपाशा यास,
आशीर्वाद. पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी जळली.

भूकंपात तू ट्रक घेऊन आलास. दयानंदच्या बापाचा देह मातीतून तू काढलास. तेव्हापासून तुला राखी बांधते, म्हणून स्पष्ट लिहिते. तूही त्यातलाच का रे? पोराची गाडी मातीत गेली आणि तू त्याला चहा पाजतोस? त्याच्या जागी तुझा पोरगा अमान असता तर पाजला असतास? मामा-भाचे मिळून मला सोप्या शब्दांत गुंडाळताय, असा मला दाट संशय हाय.

आता बहीण मागते ते दे. ब्रेक थोडे ढिले ठेव. फार नाही. गाडी नीट थांबत नाही एवढं कळलं की घाबरेल, नाद सुटेल. एकदा मातीनं माझं घर घेतलं, पुन्हा तिला काही द्यायचं नाही मला. हे पत्र चुलीत घाल.

लोभ आहे का नाही, ते तुझ्या कामावरून ठरवीन.
लक्ष्मीबाई


नांदेड, ता. २३ जून १९९९

ती. आक्का यांना,
सलाम. पत्र चुलीत घातलं. आबेदालासुद्धा सांगितलं नाही.

ढिल्या ब्रेकनं माणूस घाबरतो, खरं आहे. पण घाबरला की पाय त्याच ब्रेकवर देतो. माझ्यानं होणार नाही. राखी परत मागायची तर मागा.

तरी हे काम तुमच्याशिवायही नको. शेवटचं उरलंय ते ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पॅडल दाबतो आणि धरून ठेवतो. दुसरा चाकाशी बसून बारकी तोटी उघडतो. तेलाबरोबर हवा बाहेर येते. तोटी बंद झाली की मगच वरच्यानं सोडायचं. उघडी असताना पाय उचलला तर हवा उलटी आत जाते आणि ब्रेक ढिले होतात. खालच्याला वरचा पाय दिसत नाही, सगळं शब्दावर चालतं.

रविवारी या. खाली दयानंद बसेल, पॅडलवर तुम्ही. आबेदा खिचडी आणि चिंचेचा खट्टा करणार आहे.

येईपर्यंत लोभ उधारीवर चालू ठेवा.
चांदपाशा


लातूर, ता. २९ जून १९९९

चि. चांदपाशा यास,
आशीर्वाद. सुखरूप पोचले. कंधारजवळ बस तापून बसली, तिलाही तुझ्याकडंच आणायला पाहिजे होती. आबेदाचा खट्टा अजून जिभेवर हाय.

तू लई लबाड आहेस. त्या गाडीत बसले तर विहिरीच्या तळाला बसल्यासारखं वाटलं. दयानंद चाकाआड, नुसता आवाज. दाब म्हणाला, दाबलं. सोड म्हणाला, सोडलं. मागची चाकं झाली, पुढचं एक झालं. शेवटच्या चाकाला तू हात पुसत बाहेर निघून गेलास. मी बघितलं.

पाय जरासा उचलायचा होता. कुणाला कळलं नसतं. तेवढ्यात खालून पोरगं म्हणालं, “धर आई, तू धरलंयस म्हणून मी उघडतोय.”

धरला रे बाबा. त्या पहाटे त्याचा दंड धरून त्याला दाराबाहेर ओढलं होतं, तसा धरला. पोटरीत गोळा आला तरी धरला.

त्याचा नाद सुटला नाही, माझं भ्यावही सुटलं नाही. एवढं ठरलंय की मद्रासहून आला की आधी पॅड बदलायचे, शर्यतीचा जोड माझ्या फुलपात्रांशेजारी आणून ठेवायचा, मगच पाटावर बसायचं.

आता एक विचारते. मी गेल्यावर तू परत तपासलंस ना? तपासलं असशीलच. काय निघालं?

लोभ आहे, उत्तर आल्यावर वाढेल.
तुझी आक्का


नांदेड, ता. ३ जुलै १९९९

ती. आक्का यांना,
सलाम. तपासलं. तुमची बस सुटली आणि अमानला पॅडलवर बसवून चारी चाकांच्या तोट्या पुन्हा उघडल्या. राखीच्या भावानं बहिणीवर असा संशय घेऊ नये, पण ब्रेकवाल्यानं घ्यावा. माफ करा.

शेवटच्या चाकाशी जास्त वेळ बसलो. एक बुडबुडा निघाला नाही.

राखीला येतो. संशय राहू द्या, लोभही राहू द्या.
तुमचा भाऊ, चांदपाशा