आईचं सुती लुगडं

नवागाम, सुरत
डिसेंबर १९९६

प्रिय सरला,

काही वर्षांपूर्वी एका सकाळी नळाचं पाणी भरून झालं होतं. चहा ठेवला, साड्यांचं बोचकं सोडून धागे कापायला बसणार, तर मोरीचं दार आतून लावलेलं. हे आत कपडे धूत होते. लग्नापासून ज्यांनी कधी रुमाल पिळला नाही, ते स्वतःचा लेंगा आपटत होते. दार वाजवलं तर म्हणाले, "तू तुझं काम कर."

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग किरणांचा शेक, सगळं आटोपून ते नुकतेच यंत्रमागाच्या खात्यावर कामाला जायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. म्हणून मी काळजी सोडली आणि संशय धरला. यांनी अंथरूण बाहेर ओट्यावर नेलं. कोणाच्या लग्नाला येईनात. निघताना मात्र अंगाला पावडर, सदऱ्याला अत्तर. शेजारची कलाबाई माझ्यासोबत धागे कापायची. ती हसून म्हणाली, "माय वं, म्हातारा नवरदेव झाला की तुझा! तिकडे पर्वत पाटियाच्या वस्तीत कोणी ठेवली का काय?" मीही हसले, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग पेटीतून आईचं लुगडं गेलं. तिची दोन सुती लुगडी माझ्याकडे होती ना, त्यातलं एक. घरात चकचकीत साड्यांचा ढीग पडलेला, आणि यांनी नेलं ते विरलेलं सुती! म्हणजे घेणारी गरीब असणार. मी तिचा चेहरासुद्धा मनात ठरवून टाकला होता.

एका दुपारी डब्याचं निमित्त करून खात्यावर गेले. मागच्या बाजूला, बॉबिनच्या पेट्यांआड, दोरीवर आईचं लुगडं वाळत होतं, हातहातभर फाडलेलं. हे एका तुकड्याची घडी लेंग्यात खोचत होते. मला पाहिलं आणि तिथेच खाली बसले. "लघवी थांबत नाही गं. शिंकलो तरी जाते. आपलं सुरतचं नायलॉनचं कापड पाणी पीत नाही." जन्मभर तेच कापड विणलं होतं त्यांनी.

पुढे मी वाचनालयातून एक आरोग्याचं पुस्तक आणलं. या इलाजानंतर पुष्कळांना असं होतं म्हणे. मग यांना ओढूनच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लघवी रोखायचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. बरंच कमी झालं. दुखणं नंतर हाडात उतरलं ते वेगळं, पण शेवटचं वर्ष हे घरात, माझ्याशेजारी निजले. आता ती जागा मी रोज झाडते.

तुझं पत्र परवा आलं. तेच ऑपरेशन करून बारडोलीला घरी आल्यापासून योगराजराव तुला जवळ येऊ देत नाहीत, पहाटेच कालव्यावर आंघोळीला जातात, आणि तुझ्या सासऱ्यांचं जुनं धोतर घरातून नाहीसं झालं. त्यांचं बाहेर काहीतरी आहे, मी तुझ्याकडे निघून येते, असं लिहिलंस. सरला, येऊ नकोस. आधी ते धोतर कुठे वाळतंय ते बघ, आणि मग दोघं डॉक्टरकडे जा.  मी खात्यावरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं दुसरं लुगडं फाडलं, तुकड्यांना काठाशी शिलाई मारली, धुऊन दारासमोरच्या दोरीवर वाळत घातले, आणि कलाबाईने विचारलं तेव्हा माझेच आहेत म्हणून सांगितलं.

तुझीच,
प्रमिलाताई