खुर्ची पुसून बसलेला पाहुणा

केंदूर, मंगळवार, संध्याकाळ

नणंदेचा संजू आज चहाला आला. खडी क्रशरवर नोकरीला आहे. उद्या ग्रामसभेत दुसऱ्या क्रशरसाठी हात वर करायचे, आणि याला आजच मामीची आठवण?

आल्या आल्या रुमालाने ओट्यावरची खुर्ची पुसली, मग बसला.

"मामी, धूळ म्हंजी वाईटच असं न्हाई. पृथ्वी नवी होती तवा हवेतल्या धुळीनंच ऊन अडवलं. तुमच्या शेतातली शेवंतीबी गार राहील."

हे याला कोणी पढवलं? कॉलेजात माझा भूगोल होता. म्हटलं, "अरे, तेव्हा जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. उघडी माती उडायची. ती दिवसा ऊन अडवायची, तशी रात्री उष्णताही धरून ठेवायची. आणि खाली गुदमरायला शेवंती कुठं होती?"

"तुमच्याशी कोन बोलंल, मामी!" हसला, चहा संपवला, उठला.

मी उगाच संशय घेते का? धुळीने पृथ्वी गार झालीही असेल. पण धूळ एवढी गुणाची, तर खुर्ची का पुसली?

उद्या माझा हात खालीच राहील. संजूसाठी मात्र ओट्यावरची खुर्ची सभेला नेईन. न पुसता.