नवी मोटार घेऊ नये, याविषयी माझं ठाम मत

कळंब, २ एप्रिल १९५९
मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये नव्या मोटारींवर बोललो. किंमत अकरा हजार, वर पाच वर्षांचं वेटिंग, आणि पत्रा घासलेटच्या डब्याचा! विलायती मासिकांची तेरा वर्षांची कात्रणं माझ्याकडं आहेत. मोटारीतलं एवढं तालुक्यात कुणाला कळत नाही. मला चालवता येत नाही, पण ते ड्रायव्हरचं काम.

६ एप्रिल
बलभीमराव पाटील स्वतः घरी आले. त्यांच्या आई द्वारकाबाई ऐंशीच्या. गुडघे गेलेत, एस.टी.त चढवत नाही, आणि यंदा सोनारीच्या भैरवनाथाचा नवस फेडायचाय. 'नवी गाडी नोंदवू का, मास्तर?' म्हणाले. मी म्हणालो, मुळीच नको. सोलापूरला एका रिटायर्ड साहेबांची १९३८ची विलायती गाडी विकायची आहे. ती लोखंडाची आहे, पत्र्याची नाही.
आमची सौ. वनमाला म्हणाली, आधी स्वतःच्या सायकलचा ब्रेक बघा. विषय काय, ही बोलते काय.

१२ एप्रिल, रविवार. सोलापूर
गाडी पाहिली. दार मिटताना काय आवाज! पाटलांनी शिवप्पा ड्रायव्हरला आणलं होतं. तो खाली वाकून म्हणाला, धूर निळा हाय, इंजिन तेल पितंय, घिऊ नका. मी समजावलं, इंजिनसुद्धा लोणच्यासारखं मुरावं लागतं. पाटलांनी माझं ऐकलं. शिवप्पाला इंग्रजी वाचता येत नाही, त्याला तरी काय बोलणार.

२० एप्रिल
गाडी दोनदा बंद पडली, एकदा ऐन बाजारात. लई गर्दी जमली. नव्या गाडीला कोण बघतं एवढं?
निश्चय: उद्यापासून इंजिनाची रोज नोंद.

२१ एप्रिल
गाडी चालूच झाली नाही. सबब नोंद नाही.

३० एप्रिल, दुपारी दोन. परंड्याच्या अलीकडं, रस्त्यात
सकाळी सोनारीला निघालो. बार्शीपर्यंत झकास. मग वाफ, मग धडाड, मग काहीच नाही. शिवप्पा म्हणाला, संपलं. द्वारकाबाई लिंबाखाली बसून पदरानं वारा घेत होत्या.
यात्रेची एस.टी. आली. बलभीमरावांनी आणि शिवप्पानं हातांची खुर्ची करून आईंना वर चढवलं. मीही चढणार, तर बलभीमराव म्हणाले, मास्तर, तुमी गाडीपाशी थांबा, हितं जाणकार माणूस पायजे.
मान दिला माणसानं.

साडेचार
ऊन फार. पाणी संपलं. मान पुरे झाला.

४ मे
द्वारकाबाईंना दर्शन घडलं, नवस फिटला. प्रसाद आला. एस.टी.त सगळ्यांनी उठून जागा दिली, म्हणे. माझं मत बदललेलं नाही. दोष उन्हाळ्याचा.

९ मे
बलभीमराव आले. सल्ल्यालाच आले असणार म्हणून कात्रणं काढून ठेवली. त्यांनी खिशातून इंग्रजी फॉर्म काढला, नव्या गाडीच्या नोंदणीचा. आईनं बजावलंय म्हणाले, 'मास्तरांकडनं लिहून घे, पर त्यास्नी काय बी इचारू नगंस.'
भरला. एक रकाना होता: अर्जदाराकडे सध्या चालू स्थितीत मोटार आहे काय?
मी बलभीमरावांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
'नो' लिहिलं. अक्षर सुरेख आलं.