चौथीचा पत्ता ई-मेलने न कळवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
कामगार सुरक्षा कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : जावक लिपिक, तळमजला.

विषय : चौथ्या तक्रारदार बाईंचा सध्याचा पत्ता ई-मेलने कळवण्यातून सूट मिळण्याबाबत.

संदर्भ : आपला कालचा ई-मेल, "पत्ता उद्या दुपारपर्यंत कळवा, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई होईल."

महोदय,

१. सदर अर्जदार एकवीस वर्षे जावक टेबलावर आहे. तक्रार आली की तिची एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला पाठवायची, मात्र तक्रारदाराचे नाव झाकायचे, ही या कार्यालयाची जुनी पद्धत. त्यासाठी अर्जदार नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवी आणि मग झेरॉक्स काढी. या प्रतीला तळमजल्यावर सगळे 'झाकली प्रत' म्हणत. एकवीस वर्षांत एकही पट्टी सुटलेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

२. गेल्या वर्षी सगळा पत्रव्यवहार ई-मेलवर आला. संगणक शिकवणाऱ्या मास्तरांनी अर्ध्या तासात तीन चौकटी दाखवल्या. पहिलीत ज्याला लिहायचे तो, दुसरीत, म्हणजे सीसीत, ज्यांना प्रत द्यायची ते. तिसरीबद्दल, म्हणजे बीसीसीबद्दल, ते म्हणाले, "काही गुप्त असेल तर इथं टाका," आणि चहाला गेले. अर्जदाराने मनाशी ठरवले की हीच आपली झाकली प्रत. इथे ज्याला बसवू त्याला बाकीची नावे दिसणार नाहीत. कोणाला विचारले नाही. एकवीस वर्षे टेबलावर काढलेल्या माणसाने तळमजल्यावर काय विचारायचे, अशी घमेंड होती.

३. रंगात घालायचे, चटकन पेट घेणारे थिनर भरण्याच्या कारखान्यातल्या चार बायकांनी तक्रार केली की कामाची पाळी चालू असताना शेडच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात. अर्जदाराने ती तक्रार, मजकुरातली नावे गाळून, ई-मेलने आपणांस पाठवली, चारही बायकांना सीसीत ठेवले आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांना बीसीसीत. वीस मिनिटांनी व्यवस्थापकांनी सर्वांना एकदम उत्तर दिले, "मिळालं. चारही नावं नीट वाचली. आभारी आहोत." ते वाचून अर्जदार तडक उठला. मास्तरांना गाठले तर ते म्हणाले, "अहो काका, उलटं केलंत. बीसीसीतला माणूस सगळ्यांना बघतो, त्याला कोणी बघत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी चौघींनाही फाटकातून परत पाठवण्यात आले. हा अपराध सर्वस्वी अर्जदाराचा आहे. तो त्याच दिवशी लेखी कबूल केलेला असून जी शिक्षा होईल ती मान्य आहे.

४. यानंतर चौघींनी भीतीपोटी राहत्या जागा सोडल्या. जबाब नोंदवण्यासाठी त्यांचे नवे पत्ते एकेक करून फक्त आपल्याला कळवावेत, असे आपण फर्मावले. त्याप्रमाणे सोमवारी अकरा वाजता पहिलीचा पत्ता पाठवला. आपली पोच लगेच आली, खाली अर्जदाराचा मूळ मजकूर पत्त्यासकट तसाच. चार वाजता तिच्या खोलीसमोर पांढरी गाडी उभी राहिली. दोघे उतरले, पाणी वेळेवर येते का, मुलीची शाळा किती वाजता सुटते, असे अगदी गोडीने विचारून गेले. तिने तक्रार मागे घेतली. दुसरी मावशीकडे होती. तिचा पत्ता गुरुवारी पाठवला, आपली पोच आली, संध्याकाळी तीच गाडी मावशीच्या दारात. तिनेही सही करून दिली.

५. तिसरीचा पत्ता कळवताना अर्जदाराकडून चूक झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. 'पिठाच्या गिरणीच्या वर, निळे दार' असे लिहिले गेले. त्या दाराआड कोणी राहत नाही. ती अर्जदाराचीच अडगळीची खोली असून किल्ली अर्जदाराच्या खिशात असते. आपली पोच आली. पांढरी गाडी निळ्या दारासमोर दोन दिवस उभी होती. गिरणीवाला म्हणाला, "कुणा बाईची चौकशी करत होते. मी म्हटलं, इथं तर उंदीरसुद्धा भाड्यानं राहत नाहीत."

६. हा चुकीचा पत्ता जगात दोघांनाच ठाऊक होता, एक अर्जदार आणि दुसरे आपण. आपल्या तिन्ही पोचांमध्ये अर्जदाराला स्वतःचेच नाव दिसते. तिसऱ्या चौकटीत कोण होते ते दिसत नाही, आणि दिसू नये अशीच ती चौकट आहे. अर्जदाराचा आपल्यावर संशय नाही. तेवढा त्याचा हुद्दा नाही.

७. चौथी बाई अर्जदाराची सख्खी धाकटी बहीण आहे. हे आजवर कळवले नव्हते. तक्रारीवर सही करायला ती तयार नव्हती. अर्जदारानेच तिला सांगितले होते की आमच्याकडून नाव फुटत नाही. काल फोनवर ती म्हणाली, "दादा, तू म्हणालास म्हणून केली ना सही? माझं जाऊ दे. पण त्या शेडमध्ये आता नव्या बावीस जणी घेतल्यात, आणि कुलूप आहे तसंच आहे." या वाक्यानंतर अर्जदाराला अन्न गोड लागलेले नाही.

८. तरी विनंती की चौथा पत्ता मागू नये. बहीण आज दुपारी बारा वाजता स्वतः आपल्या दालनात येईल. तिचा जबाब दार उघडे ठेवून, सगळ्या कर्मचाऱ्यांदेखत घ्यावा. त्यानंतर आपण जातीने कारखान्यावर जाऊन मागच्या दाराचे कुलूप काढवावे.

९. हा अर्ज ई-मेलने पाठवलेला नाही. हाताने, खाली कार्बन घालून, जोर देऊन लिहिला आहे. शेवटच्या प्रतीवरही अक्षर स्वच्छ उमटले आहे.

आजवर आपल्या आज्ञेत राहिलेला,
जावक लिपिक
(सही)
दिनांक : ९ ऑक्टोबर, सकाळी दहा

सोबत :
व्यवस्थापकांच्या उत्तराचा छापील कागद.
आपल्या तीन पोचा.
निळ्या दारासमोरच्या गाडीचा फोटो, नंबर वाचता येतो.

प्रत माहितीसाठी रवाना :
कार्यालयीन फाइल.
याखाली आणखी पाच नावे आहेत. आपल्या प्रतीवर त्यांच्यावर पट्टी चिकटवली आहे. पाचही जणांना आपले नाव स्वच्छ दिसेल.