ऑर्गनची हिरवी वायर

अप्पा, तुमचा ऑर्गन मी गेल्या आठवड्यात उघडला. आईने तो इतकी वर्षं चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता. विकला नाही, कोणाला हातही लावू दिला नाही. आता हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या मनोरच्या एका बेंजो पार्टीवाल्याला तो हवा आहे, जुना आवाज नव्या कीबोर्डात सापडत नाही म्हणतो. आई एकदम हो म्हणाली आणि मी त्याला थांबवलं, म्हटलं आधी पॉवर सप्लाय बदलते, मग न्या. तुम्ही पाहिलं नाहीत, पण मी तारापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकललाच लागले. ज्या पेटीवर हात असताना तुम्ही गेलात, ती दुसऱ्याच्या हातात तशीच कशी देणार?

बोईसरच्या आपल्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट फक्त ओट्याजवळ होतं, म्हणून तुम्ही ड्यूटीवरून आलात की ऑर्गन तिथेच मांडायचात. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही स्टुलावर बसून गाण्याचा एकच तुकडा घोटता आहात, आणि सुरांच्या खालून एक बारीक गुणगुण येते आहे. तुमच्या कपाळावरची आठी त्या गुणगुणीची. मग एके दिवशी ती थांबते. तुम्ही इतके खूश, की बाजारातून जिलबी आणता. त्यानंतर कधीतरी मी अनवाणी येऊन ऑर्गनच्या पत्र्याला बोट लावते, हाताला झिणझिण्या येतात, आणि तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारता. चपला घातल्याशिवाय याला शिवायचं नाही, म्हणता. तुम्ही मला मारल्याचं तेवढंच आठवतं.

तुम्ही गेलात ते मनोरच्या एका हळदीत वाजवताना. पुढचं गाणं सांगायला तुम्ही उजव्या हाताने माइक धरला आणि डावा हात ऑर्गनवर होता. सगळ्यांनी पाहिलं ते माइकला चिकटलेले तुम्ही. माइक साउंडवाल्या काकांचा, तुमच्या जिवलग दोस्ताचा. पोलिसांनी त्यांना बसवून ठेवलं, पुढे काही सिद्ध झालं नाही, पण त्यांना कोणी काम देईना. दुसऱ्या दिवशी ऑर्गन घेऊन ते आपल्या दारात आले. आईने ऑर्गन घेतला आणि त्यांना सांगितलं, पुन्हा या दारात उभं राहायचं नाही. ते राहिलेही नाहीत.

मागचा पत्रा काढला तेव्हा जळका वास अजून होता. ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचं आवरण करपून गेलेलं, एक तार सरळ पत्र्याला टेकलेली. असं कुठेही होतं, त्यासाठीच अर्थिंग असते, पत्र्यात आलेला करंट माणसातून न जाता जमिनीत जावा म्हणून. मी अर्थिंगची हिरवी वायर शोधत गेले. ती कापलेली होती. तुटलेली नव्हे, कापलेली; आणि टोकाला काळी टेप, तिचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे पुढे सोडवायला सोपं जावं. तशी टेप आपल्या घरात छत्रीच्या दांड्याला होती, माझ्या सायकलच्या हँडलला होती. अर्थिंग कापली की गुणगुण थांबते; जिलबी कशाची होती ते मला तेव्हा कळलं. आणि चपलांचंही. माइकने फक्त पत्र्यातल्या करंटला तुमच्यातून जमिनीकडे जायची वाट दिली होती.

काका सालवडला राहतात. साउंड गेल्यावर त्यांनी केमिकलमध्ये कंत्राटी काम धरलं. आता दम लागतो, खाटेवरून फारसे उठत नाहीत. मी नाव सांगितलं तशी त्यांनी हाताने जवळ बसायची खूण केली. मी वायरचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"मी तवाच खोलून बगितला होता," ते म्हणाले. "तुमच्याकडे आणायच्या आदी."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"गेलेल्या माणसावर कुठं घालायचं? आनि तुजी आई माज्यावर रागवून तरी उबी ऱ्हायली." खोकला थांबल्यावर म्हणाले, "तिला आता नको सांगू. तिला झेपनार नाय."

मी परत येऊन काम पुरं केलं. जुना ट्रान्सफॉर्मर काढला, नवा सप्लाय बसवला, नवी हिरवी वायर पत्र्याला स्क्रूने आवळली. मीटर लावून पुन्हा पुन्हा तपासलं. तरी पहिली पट्टी दाबताना मी चपला घातल्या होत्या. आवाज आला. गुणगुण जवळजवळ नाही, अप्पा. खराब झालेले कपॅसिटर बदलले की ती जाते. वायर कापायची काही गरज नव्हती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. काय बिघडलं होतं, तिने विचारलं. ट्रान्सफॉर्मर जळलाय, मी म्हटलं.

"म्हणजे त्याच्या माइकमुळेच ना?"

काका खाटेवर खोकत असतील, त्यांच्या नावावरचा डाग पुसायला माझ्याकडे एवढी एकच वेळ होती. मी हो म्हटलं. काकांनी सांगितलं होतं म्हणून म्हटलं, असं मी स्वतःला समजावलं. आईला झेपणार नाही म्हणून म्हटलं, असंही. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तर तुम्हाला खरं सांगते: दोष तुमचा होता हे तिच्या तोंडून ऐकायची माझीच तयारी नव्हती.