कर्व्ह केलेलं नाव

६ जून १९९९, दौंड
आले बाई एकदाची! केंदूरहून शिरूर, शिरूरहून दौंड. ट्रंक, स्टोव्ह आणि सहा वर्षांचा सार्थक, तिन्ही एसटीतून धड उतरले. हे गेल्यापासून सासरचा घास घशाखाली उतरत नव्हता. आता यांचे दोस्त अल्लाबक्षचाचा यांच्या ऑफसेट प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं. खोलीही प्रेसमागंच आहे. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून इथंही ‘हे’च लिहीन. मनात मात्र रोज घेते. तेवढंच तर राहिलंय माझ्याजवळ.

९ जून
चाचांनी ईपीएस फाईल शिकवली. फोटो ठिपक्यांचा, मोठा केला की फाटतो. ईपीएस रेघांची. व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर दुकानाच्या पाटीवर, कड तशीच राहते. पण छपाईची फिल्म पुण्याहून काढून आणायची आणि त्या फिल्मवाल्याकडं आपला मराठी फाँट नसतो, अक्षरांचे चौकोन होतात. म्हणून आधी अक्षरं कर्व्ह करायची. मग ‘क’ हा ‘क’ राहत नाही, नुसती त्याच्या आकाराची रेघ उरते आणि तिचं पुन्हा अक्षर होत नाही. मूळ फाईल पुसायची न्हाई पोरी, चाचा दोनदा म्हणाले. मी म्हटलं, व्हय व्हय! मला काय दूधखुळी समजता?

१४ जून
यांच्या प्रथम पुण्यस्मरणाचं कार्ड केलं. यांचं नाव पहिल्यांदाच टाईप केलं. ओठांना लाज, बोटांना कसली? खूप रडले. मग कर्व्ह करून फाईल पुण्याला धाडली. डिस्क भरली होती, म्हणून मूळ फायली पुसल्या. यांची, आणि न्हावऱ्याच्या हौसरावांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेचीही. कार्ड छापून येणारच होतं की.

२१ जून
हौसराव पत्रिका न्यायला आले. लेक बाहेर उभी होती, तिला हाक मारायला गेले आणि अडखळले. म्हणाले, आठ दिस झालं, पोरीचं नाव व्हटावर येतच न्हाई, घरात कुणाच्याच न्हाई. मी हसले. लग्नघर आहे, डोकं कसं ठिकाणावर असणार! मग पत्रिका हातात घेतली. अक्षरं ठसठशीत, वळणदार. नवरीचं नाव मला वाचता येईना.

२२ जून
यांच्या कार्डांचा गठ्ठा मशीनवरून आला. फोटो यांचाच. खालचं नाव वाचता येत नाही. कामाच्या रगाड्यात आठ दिवस मनातही घेतलं नव्हतं, आता डोळे मिटून घ्यायला गेले. मनातही नाही. चाचांना विचारलं. दहा वर्षांची दोस्ती, रोजचा चहा. चाचा डोकं धरून बसले. म्हणाले, चेहरा समोर हाय, नाव न्हाई.

२४ जून
केंदूरला जाऊन आले. सासूबाईंनी तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. मग ऊर बडवला. पोटचा गोळा गेला, आता नाव बी नेलंस व्हय गं? काय सांगू त्यांना? रेशनकार्ड, मार्कशीट, सगळं काढून पाहिलं. नावाच्या जागी नुसत्या रेघा.

२५ जून
ईपीएस नोटपॅडमध्ये उघडली. आकडेच आकडे. इथून रेघ, तिथून वळण. अख्खी फाईल चाळली. त्यात हे कुठंच नाहीत.

२८ जून
शाळेत बाईंनी पूर्ण नाव विचारलं. सार्थक – मग गप्प – मग आडनाव. पोरं हसली. घरी येऊन विचारतो, आई, मला बाबा नव्हतेच का? माझ्या हातानं केलं मी हे. माझ्या हातानं.

२९ जून
फोटोतही आता कडच – आत पांढरं – हसायचे तेव्हा कसे –

३० जून
एकदाच नाव घेतलं होतं तोंडानं. लग्नात, उंबऱ्यावर. नणंदांनी दार अडवलं होतं. उखाणा आठवतोय. आठवतोय! तालात म्हटलं तर येईल, यायलाच हवं. सार्थक दारात आडवा उभा आहे. म्हणतो, घे ना आई, बाबांचं नाव घे. म्हणते आणि लिहिते, म्हणजे पुन्हा जायला नको.
घोडनदीच्या काठी शेवंतीचा सडा,
–