कुंपणावरची कोरफड आणि तात गकोबोंचा चष्मा

मी फिकोलोमझी, वय अठरा, राहणार पेडीजवळ, फिश नदीच्या अलीकडं, आज डोकं ठिकाणावर असताना हे लिहितोय. मामा, म्हणजे माझी आई, म्हणते ते कधीच ठिकाणावर नव्हतं. ते तिचं मत. शनिवारी मी बाकीच्या पोरांबरोबर सुंतेच्या विधीसाठी झाडीत राहायला जाणार. महिन्यानं परत येईल तो बाप्या येईल, हा पोरगा काय परत यायचा नाही. म्हणून हे त्या पोराचं मृत्युपत्र. आजच लिहायची घाई का, ते तिसऱ्या कलमात.

एक. माझे सगळे कपडे मावसभाऊ लुखोलोला. बाप्यानं पोराचे कपडे घालायचे नसतात. निळ्या स्वेटरच्या खिशात वाळका बेडूक आहे, तो पण त्याचाच.

दोन. गलोल नदीत टाकावी. लुखोलोला देऊ नये, त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे.

तीन. कुंपणावरची चढती कोरफड बहीण नोन्तांडोला. नदीकाठच्या काटेरी झाडीतून वीतभर फांदी आणून मी लावली होती, तीन वर्षांत ती कुंपण चढून शेडच्या पत्र्यावर गेली. आणि आज सकाळी तिला कळी आलीये. पहिली. बोटाएवढी, हिरवी, रंग अजून कळत नाही. ती फुलेल तेव्हा मी नसणार. नोन्तांडोनं रोज बघावं आणि सगळं लक्षात ठेवावं.

चार. शेजारचे तात गकोबो म्हणतात ही पिवळ्या फुलाची कोरफड. तिची मुळं उकळून प्यायली की पोटातले जंत पडतात, आणि त्यांच्या पोटात कायम जंत. काल कुंपणापलीकडून म्हणाले, "तू गेलास की सोमवारी खणतो."

मी म्हटलं, "तात, ही लाल फुलाची आहे."

"लाल? गेल्या वर्षी पण लालच होती ना रे? पडद्याच्या चिंध्या बांधल्या होत्यास. मी अख्ख्या आळीला बोलावून दाखवलं. लोक अजून हसतात मला."

हे खरंय. म्हणून आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तोंडानं सांगून उपयोग नाही.

पाच. म्हणून तात गकोबोंना त्यांचा चष्मा. ते खाली साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही म्हणतात, पण हा त्यांचाच आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी तो त्यांच्या बोकडाला घातला, फोटोसाठी. बोकड पळाला, एक काडी मोडली, ती मी तारेनं बांधली. मग परत द्यायची छाती झाली नाही. कोरफडीखाली कॉफीचा डबा टांगलाय, त्यात आहे. तात, माफ करा. बोकडाला तुमच्यापेक्षा शोभत होता, हे पण खरं.

सहा. नोन्तांडोनं रविवारी चर्चमधून आल्यावर हे सगळं तातना कुंपणापाशी मोठ्यानं वाचून दाखवावं. तात, कुदळ उचलायच्या आधी चष्मा घाला. पान दांड्याला मिठी मारतं तिथं बघा. कडेला पापणीसारखे बारीक पांढरे केस असतील. पिवळीला ते नसतात. केस नसले तर खुशाल खणा, मी आल्यावर एक शब्द बोलणार नाही.

हे माझ्या हातानं, कुणी दम न देता लिहिलं.
पेडीजवळ, गुरुवार, ४ डिसेंबर
फिकोलोमझी

साक्षीदार: मामा. (कणीक मळता मळता सही केली. डाग पिठाचा आहे.)
साक्षीदार: तात गकोबो. (म्हणाले, "कुठं करू सही? मला कागदच दिसेना." मी त्यांचं बोट जागेवर नेऊन ठेवलं.)

रविवार, ७ डिसेंबर
केस आहेत. पांढरे. सगळ्या पानांना बघितले, दोन तास लागले. कळीचं टोक आज सकाळी लाल झालंय. कुदळ घरात ठेवली. हा गाढव परत येईल त्या दिवशी चार शब्द सांगायला मी येईन, आणि चष्मा घालून येईन. ही सही वाचून केलेली आहे.
गकोबो